सुभेदार रामजींचे सुपुत्र

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही आमच्या वर्गातील विद्यार्थ्यांना एक काम नेमून दिले होते. प्रत्येकाने आपल्या घराण्याची वंशावळ, जितक्या पिढ्या घरातील वडीलधाऱ्यांस ठाऊक असतील तितक्या पिढ्यांची, लिहून आणावयाची. आणि नुसती नावे न लिहिता प्रत्येक नावापुढे त्या पूर्वजाचा धंदा कोणता होता, त्याने कोठे चाकरी केली, कोणी सैन्यात होता काय, हेही नमूद करावयाचे. सुटी संपली आणि वह्या आमच्या हाती आल्या. कोणाचे पणजोबा कुळकर्णी होते, कोणाचे आजोबा टपाल कचेरीत कारकून, तर कोणाचे चुलत आजोबा मराठा पलटणीत शिपाई. एका वहीत मात्र नावे स्वच्छ अक्षरांत लिहिलेली होती, पण धंद्याचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. आम्ही त्या मुलास जवळ बोलावून कारण विचारले. आपल्या पणजोबांचे काम लिहिण्यासारखे नव्हते, असे त्याने खाली मान घालून सांगितले.

त्या दिवशी आम्हांस त्याचे नीट समाधान करता आले नाही. तास संपला, घंटा झाली आणि मुले पांगली. परंतु तो कोरा रकाना आमच्या मनात राहिला. त्याला द्यावयाचे उत्तर एका थोर पुरुषाच्या चरित्रात आहे, असे पुढे आमच्या ध्यानात आले. तो पुरुष म्हणजे भारताच्या संविधानाचे शिल्पकार डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. त्यांचे चरित्र आपण सर्वांनी पाठ्यपुस्तकांतून वाचलेले आहे. येथे आम्ही ते त्यांच्या घराण्याच्या बाजूने, पूर्वजांच्या धंद्यांच्या आणि लष्करी चाकरीच्या अंगाने सांगणार आहोत.

आपल्याकडे कुलवृत्तान्त छापण्याची प्रथा आहे. त्यांत मूळ पुरुष, इनामे, सनदा, देवस्थानांचे मान इत्यादी गोष्टी मोठ्या अभिमानाने दिलेल्या असतात. आंबेडकरांच्या घराण्याचा असा वृत्तान्त लिहावयाचा तर त्याचा आरंभ कोकणात करावा लागेल. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगडजवळचे आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. घराण्याचे आडनाव सकपाळ. गावाच्या नावापुढे 'कर' हा प्रत्यय लावून आडनाव करण्याची रीत आम्हां कोकणी बोलणाऱ्यांच्या घरांतून सर्रास आढळते. आंबेडकर हे नावही त्या गावाशीच जोडलेले आहे. ते उच्चारताना आम्हांस नेहमी कोकणातील तांबड्या मातीची वाट आठवते.

या घराण्याचा जातीने ठरविलेला धंदा कोणता होता? महार समाजाकडे गावकीची कामे वतन म्हणून चालत आलेली होती. गावाची राखण करावी, शिवेच्या तंट्यात हद्दीची खूण सांगावी, सरकारी सारा ठाण्यापर्यंत पोहोचवावा, निरोप घेऊन परगावी धावावे, मेलेली गुरे ओढून न्यावीत, अशी ती कामे. यांतील पुष्कळ कामे विश्वासाची होती. ज्याच्या हाती गावाचा पैसा आणि गावाची सीमा सोपवावयाची, तो मनुष्य प्रामाणिक असल्यावाचून कसे चालेल? परंतु हे काम करणाऱ्यास गावकुसाबाहेर राहावे लागे आणि गावच्या विहिरीवर त्याची सावलीही चालत नसे. विश्वास पुरता, पण मान काडीचाही नाही, असा हा व्यवहार होता.

या व्यवहारातून बाहेर पडण्याची एक वाट ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेने मोकळी केली. कोकणातील अनेक महार तरुण तिच्यात भरती झाले. 1 जानेवारी 1818 रोजी भीमा नदीच्या काठी कोरेगाव येथे कंपनीची तुकडी आणि दुसऱ्या बाजीरावाची फौज यांच्यात लढाई झाली. तेथे पुढे उभारलेल्या स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांत बावीस नावांच्या शेवटी 'नाक' हे पद आहे. ती महार शिपायांची नावे होत. ते परक्यांसाठी लढले हे खरे. परंतु स्वकीयांनी ज्यांना दारात उभे केले नाही, ते दुसऱ्याच्या दारी गेले, हेही तितकेच खरे. ज्यांच्या घरी कुलवृत्तान्त लिहिणारा कोणी नव्हता, त्यांची नावे अशी दगडावर राहिली.

भीमरावांचे आजोबा मालोजी सकपाळ हे याच फौजेत शिपाईगिरी करून निवृत्त झाले. त्यांचे पुत्र रामजी हेही सैन्यात शिरले आणि सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले. भीमरावांच्या मातोश्री भीमाबाई या ठाणे जिल्ह्यातील मुरबाडच्या. त्यांच्या माहेरीही लष्करी चाकरीची मोठी परंपरा होती आणि त्यांचे वडील सुभेदार-मेजर होते. म्हणजे दोन्ही बाजूंनी हे रक्त सैनिकांचे होते.

परंतु या घराण्याला सैन्याने जे सर्वांत मोठे दिले, ते तलवार नव्हे, पाटी होय. कंपनीच्या काळी देशी शिपायांस व त्यांच्या मुलांस, मुलींसही, शिक्षण सक्तीचे होते. गावच्या शाळेत ज्याला ओसरीवरही बसू दिले नसते, त्याला पलटणीच्या शाळेत शिकावेच लागे. रामजींनी या संधीचे सोने केले. पुण्याच्या पंतोजींच्या शाळेत त्यांनी शिक्षकाची पदविका मिळविली आणि पुढे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून 14 वर्षे काम केले. वाचकहो, वंशावळीतील धंद्याच्या रकान्यात हा बदल पाहा: गावकीचे काम, मग शिपाईगिरी, मग शिक्षकी. सुभेदार रामजी हे आमच्याच पेशाचे होते, हे लिहिताना आम्हांस धन्यता वाटते.

इंदूरजवळील महू या लष्करी छावणीत 14 एप्रिल 1891 रोजी रामजी आणि भीमाबाई यांना चौदावे अपत्य झाले. तेच भीमराव. महूची छावणीही 1818 सालीच, होळकरांशी झालेल्या मंदसोरच्या तहानंतर वसली होती. या गावाला 2003 साली डॉ. आंबेडकर नगर असे नाव देण्यात आले आणि ज्या जागी त्यांचा जन्म झाला तेथे आता स्मारक उभे आहे.

मूल जेमतेम वर्षादीड वर्षाचे झाले असेल नसेल, तोच या घराण्याच्या वाटेत भिंत उभी राहिली. लढाऊ जाती आणि बिगरलढाऊ जाती असा भेद करण्याचे मत तेव्हा इंग्रज सेनाधिकाऱ्यांत प्रबळ झाले होते. सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स हे त्या मताचे पुरस्कर्ते होते. त्या मतानुसार 1892 च्या सुमारास महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. ज्यांच्या आजोबांची नावे विजयस्तंभावर कोरली, त्यांच्या नातवांना लढता येत नाही असे ठरले! रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांच्या साहाय्याने सरकारकडे अर्ज केला. परंतु बंदी उठली नाही. भरती गेली तशी पलटणीची शाळाही गेली, पेन्शनही गेले आणि गावात ताठ मानेने परतण्याचे साधनही गेले.

पेन्शन घेऊन रामजी प्रथम दापोलीस आणि नंतर साताऱ्यास आले. तेथेच भीमाबाईंचे निधन झाले. आईविना पोर आत्या मीराबाईंच्या मायेत वाढले. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमरावांचे नाव दाखल झाले. हा दिवस महाराष्ट्रात 2017 पासून विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या शाळेत ते वर्गातील इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या तरटाच्या तुकड्यावर बसत. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतावे तेव्हाच ती भागे. शिपाई नसला तर तहान तशीच राही.

1901 सालच्या उन्हाळ्यातील एक प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने खटाव तालुक्यात तलावाचे खोदकाम काढले होते आणि रामजी तेथे रोखपाल होते. सुटीत मुलांनी आपल्याकडे यावे असे त्यांनी कळविले. नवे सदरे, जरीच्या टोप्या आणि रेशीमकाठी धोतरे घालून भीमराव, त्यांचे थोरले बंधू व भाचे आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. वडिलांना वर्दी पोहोचली नव्हती. न्यावयास कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तरांनी प्रेमाने चौकशी केली, पण जात ऐकताच ते चार पावले मागे सरले. गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक जण तयार झाला, तोही या अटीवर की बैल मुलांनी हाकावेत आणि तो स्वतः पायी चालेल. शिदोरी भरपूर होती, पण वाटेत कोठेही प्यायला पाणी मिळेना, म्हणून अन्न असून मुले उपाशी राहिली. जकात नाक्याच्या झोपडीपाशी त्यांनी रात्र काढली. तेथेही पाणी मिळाले नाही.

हे मूल कोणाचे होते? सुभेदाराचे. सरकारचे पैसे सांभाळणाऱ्या रोखपालाचे. आजोबांची शिपाईगिरी, वडिलांचा हुद्दा, अंगावरचे नवे कपडे, यांपैकी एकही गोष्ट त्या दिवशी तांब्याभर पाण्याला पुरी पडली नाही. वंशावळीच्या एका रकान्याने बाकीचे सगळे रकाने पुसून टाकले.

पुढे कुटुंब मुंबईस आले आणि परळच्या चाळीतील एका खोलीत राहू लागले. रामजींचे पेन्शन तुटपुंजे होते. मुलाला पुस्तक हवे झाले की ते विवाहित मुलींकडे जात, उसने पैसे मागत. प्रसंगी मुलीचा दागिना गहाण टाकून पुस्तक आणीत आणि पेन्शन आले की तो सोडवून परत देत. खोलीत अभ्यासाला जागा नव्हती. म्हणून मुलाने लवकर निजावे, आणि पहाटे दोनच्या सुमारास वडिलांनी त्याला उठवून त्याच जागी स्वतः अंग टेकावे, असा क्रम होता. पहाऱ्याची पाळी बदलावी तशी ही पाळी बदले. 1907 साली भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि त्या बळावर ते पदवीधर झाले.

1913 च्या जानेवारीत भीमरावांनी बडोद्याच्या नोकरीस आरंभ केला. संस्थानच्या फौजेत त्यांना लेफ्टनंटचा हुद्दा मिळाला. घराण्याची सैनिकी परंपरा तिसऱ्या पिढीतही अशी अल्पकाळ चालू राहिली. परंतु थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. परतताना वडिलांसाठी मिठाई घ्यावी म्हणून ते सुरत स्थानकावर उतरले आणि तेवढ्यात गाडी सुटली, असे चरित्रकार सांगतात. ते मुंबईस पोहोचले तेव्हा रामजींचे डोळे जणू मुलासाठीच उघडे होते. 2 फेब्रुवारी 1913 रोजी सुभेदार रामजी निवर्तले.

त्याच वर्षी सयाजीरावांच्या साहाय्याने भीमराव अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून ते लंडनला गेले आणि 1917 साली करारानुसार बडोद्यास परतले. महाराजांचे लष्करी सचिव म्हणून त्यांची नेमणूक झाली. आजोबा शिपाई, वडील सुभेदार आणि मुलगा लष्करी सचिव! परंतु कचेरीतील शिपाई विटाळ होऊ नये म्हणून कागद त्यांच्या मेजावर दुरून टाकीत. राहावयास घर मिळेना. एका पारशी विश्रामगृहात नाव बदलून ते काही दिवस राहिले. तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे काही तास ते कामाठी बागेत बसून राहिले. खटावच्या वाटेवरचा दहा वर्षांचा मुलगा आणि बडोद्याच्या बागेतील सव्वीस वर्षांचा विद्वान यांच्यामध्ये सोळा वर्षे आणि दोन खंडांतील विद्यापीठे होती. पण वागणूक तीच होती.

येथून पुढचे त्यांचे जीवन म्हणजे वारशाचा हिशेब चुकता करण्याचे कार्य होय, असे आम्हांस वाटते. पूर्वजांकडून त्यांना दोन गोष्टी मिळाल्या होत्या: एक गावकीचे वतन, दुसरी शिपाईगिरी. त्यांनी पहिली टाकून देण्यासाठी आणि दुसरी परत मिळविण्यासाठी प्रयत्न केले.

1 जानेवारी 1927 रोजी ते कोरेगावच्या स्तंभापाशी गेले आणि आपल्या बांधवांना त्यांनी पूर्वजांच्या पराक्रमाचे स्मरण दिले. त्याच वर्षी 20 मार्च रोजी महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी हजारो माणसांसह ओंजळभर पाणी घेतले. या दोन घटनांत आम्हांस एक नाते दिसते. रणांगणावरचे शौर्य मान्य, पण तळ्याचे पाणी अमान्य, हा जुना व्यवहार त्यांनी महाडला मोडला.

1928 साली त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. वतनाची जमीन हा आपला मान आहे, असे कित्येक महार कुटुंबांना वाटत असे. आंबेडकरांनी त्यातील बंधन उघड करून दाखविले. इनाम जमिनीचा लहानसा तुकडा आणि मूठभर बलुते यांच्या मोबदल्यात वतनदार चोवीस तास गावाचा आणि सरकारचा बांधील होता. तो हजर नसेल तर त्याच्या घरच्या माणसाला कामास जुंपले जाई. पूर्वजांनी केले म्हणून ते काम नातवाने केलेच पाहिजे, ही सक्ती त्यांना नको होती. विधेयक पार पडले नाही. पण त्यांनी तो विषय सोडला नाही. अखेर 1958 च्या कायद्याने ही कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली. ते पाहण्यास आंबेडकर हयात नव्हते.

सैन्यभरतीचा प्रश्नही त्यांनी तसाच लावून धरला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा, 1917 साली, 111 वी महार पलटण उभारण्यात आली. युद्ध संपताच 1921 साली तीही मोडण्यात आली. दुसरे महायुद्ध सुरू झाले. 1941 साली आंबेडकर संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि महारांची स्वतंत्र पलटण व्हावी असा आग्रह त्यांनी धरला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. कोठे? आमच्या याच बेळगावात. दुसरी बटालियन कामठीस निघाली. आरंभी रेजिमेंटच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. रामजींनी ज्यासाठी अर्ज केला होता, ते त्यांच्या मुलाच्या हयातीत, अर्जानंतर जवळजवळ अर्ध्या शतकाने घडून आले. महार रेजिमेंट आज भारतीय सैन्याचे एक मानाचे अंग असून तीत सर्व प्रांतांचे व सर्व जातींचे जवान आहेत.

29 ऑगस्ट 1947 रोजी संविधानाच्या मसुदा समितीची स्थापना झाली आणि आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. 26 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान स्वीकारले गेले. त्यातील तीन अनुच्छेद वर सांगितलेल्या कथेशेजारी ठेवून वाचावेत, अशी आमची विद्यार्थ्यांस विनंती आहे. पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापराला जातीच्या कारणाने आडकाठी करण्यास मनाई आहे. तेथे मसूरच्या वाटेवरची तहान आठवावी. सतरावा अनुच्छेद अस्पृश्यता नष्ट करतो. आणि सोळाव्या अनुच्छेदात सरकारी नोकरीसाठी ज्या कारणांवरून भेदभाव करू नये म्हणून सांगितले आहे, त्या यादीत धर्म, वंश, जात, लिंग यांच्याबरोबर कूळ हाही शब्द आहे. म्हणजे कोणाचा आजा काय काम करीत होता, यावरून नातवाला काम द्यावयाचे की नाही हे सरकारला ठरविता येणार नाही. हे अनुच्छेद एका समितीने आणि एका सभेने मिळून घडविले, हे आम्ही जाणतो. परंतु त्या समितीच्या अध्यक्षांना या शब्दांचे मोल पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला आणि 6 डिसेंबर 1956 रोजी दिल्ली येथे त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आता त्या कोऱ्या रकान्याकडे वळू. आंबेडकरांनी आपल्या पूर्वजांचे काम कधी लपविले नाही. वतनाची कामे कोणती, ती कशी करून घेतली जातात, त्यांचा मोबदला काय, हे सर्व त्यांनी कायदे कौन्सिलात तपशीलवार मांडले. लाज करणाऱ्यास नव्हती, करविणाऱ्यास असावयास हवी होती, हे त्यांना ठाऊक होते. आणि सुभेदार रामजींचे पुत्र म्हणवून घेण्यातला अभिमानही त्यांनी कधी झाकला नाही. मात्र तो अभिमान सांगत ते बसून राहिले नाहीत. पूर्वजांच्या हुद्द्याने पाणी मिळत नाही, हे ते लहानपणीच शिकले होते.

तेव्हा आमच्या त्या विद्यार्थ्यास आमचे सांगणे असे: बाळ, रकाना भर. पणजोबांनी ढोरे ओढली असतील तर तसे लिही, ओझी वाहिली असतील तर तसे लिही, दुसऱ्याच्या शेतात राबले असतील तर तेही लिही. त्यांच्या त्या कामावर गाव चालत होते. आणि ज्यांच्या वह्यांत देशमुखी, कुळकर्णीपण वा सरदारकी आहे, त्यांनीही एक ओळ अधिक लिहावी: आपल्या पूर्वजांच्या विहिरीवर कोणाला पाणी भरू दिले जात नव्हते, हे घरी विचारून यावे. येत्या सुटीत हेच काम पुन्हा द्यावयाचे आम्ही ठरविले आहे. या खेपेस आजी-पणजींची नावे आणि त्यांची कामेही लिहावयाची आहेत. कारण पहिल्या खेपेच्या कोणाच्याच वहीत ती आम्हांस आढळली नाहीत, आणि ती विचारावयाचे आम्हांसही सुचले नव्हते.